पाच सेकंद, एक टॉस आणि मोठा आवाज

प्रिय ताई,
एप्रिलमध्ये बाबांच्या नोकरीमुळे आम्ही कराडहून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आलो. सप्टेंबरपासून मी नववीत, म्हणजे इथल्या हायस्कूलमध्ये जाणार आहे. कराडला मी शाळेच्या व्हॉलीबॉल संघात होते. तालुका जिंकलो, जिल्ह्याला दुसऱ्याच फेरीत हरलो. इथे संघाची निवड, म्हणजे ट्रायआउट, ऑगस्टच्या मध्यात आहे. शेजारची मुलगी पाचवीपासून क्लबमध्ये खेळते आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. आम्ही मातीच्या ग्राउंडवर खेळायचो, इथे सगळं बंद जिममध्ये. कोणी बघतंय असं कळलं की माझे हात गार पडतात आणि सर्व्हिस जाळ्यात जाते. इंग्रजी येतं, पण पटकन बोलायला गेले की अडखळते. आई म्हणते, ‘एवढं टेन्शन येत असेल तर राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ मला राहू द्यायचं नाहीये. पण भीती जात नाही. काय करू?
– नववीत जाणारी, एडिसन

प्रिय मुली,

खेळाचं बोलण्याआधी कागदाचं बोलते, कारण कागद अपुरा म्हणून पहिल्याच दिवशी बाकावर बसून राहावं लागलेल्या मुली असतात आणि त्यांच्याइतकं वाईट मला कुणाचंच वाटत नाही. न्यू जर्सीत शाळेच्या संघासाठी डॉक्टरांनी तपासून भरलेला फिजिकलचा फॉर्म लागतो. ही तपासणी सरावाच्या पहिल्या दिवसाच्या आधीच्या 365 दिवसांतली हवी. तुमच्या डॉक्टरांनी सही केली की काम संपत नाही, तो फॉर्म पुढे शाळेच्या डॉक्टरांकडे जातो आणि त्यांनी मान्य केल्यावरच तुला कोर्टवर उतरता येतं. यात दिवस जातात. तेव्हा हे पत्र वाचून झालं की बाबांना अपॉइंटमेंट घ्यायला सांग, आणि फॉर्म जमा करायची शेवटची तारीख कोणती हे शाळेच्या अ‍ॅथलेटिक ऑफिसला ईमेल करून विचारा. त्याच ईमेलमध्ये आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: निवड किती दिवस चालते, आणि उन्हाळ्यात जिम सरावासाठी उघडी असते का. बऱ्याच शाळा असे सराव ठेवतात. ते असतील तर एकही चुकवू नकोस. निवडीच्या दिवशी ती जिम, तिथले दिवे आणि ते कोच तुला नवखे वाटता कामा नयेत.

आता शेजारची मुलगी. तिच्याकडे बघून तुझा धीर सुटतो, ते मी समजू शकते. अमेरिकेत दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त मुली हायस्कूलचं व्हॉलीबॉल खेळतात, मुलींच्या शालेय खेळांत त्याचा नंबर अगदी वरचा आहे. त्यामुळे लहानपणापासून क्लबात पैसे भरून शिकलेल्या मुली तुला तिथे दिसणारच. पण निवड कशी होते ते नीट समजून घे. मोठ्या हायस्कूलमध्ये बहुधा तीन संघ असतात: सगळ्यात वरचा व्हार्सिटी, त्याखाली ज्युनियर व्हार्सिटी, आणि नववीच्या मुलींचा फ्रेशमन. बारावीच्या सहा फुटी मुलीची जागा तुला घ्यायची नाहीये. तुझी तुलना मुख्यतः तुझ्याच वयाच्या मुलींशी होणार, आणि त्या वयात कोच तयार खेळाडूइतकीच शिकवलेलं पटकन उचलणारी मुलगी शोधत असतात.

उंचीचं मात्र गोड बोलून झाकणार नाही. जाळं मुलींसाठी 2.24 मीटरवर असतं आणि पाच फूट दोन इंचांच्या मुलीला जाळ्यावर ब्लॉक करणं, स्मॅश मारणं अवघड जातं. म्हणून तू तिथे स्वतःला सिद्ध करायला जाऊ नकोस. तुझी जागा मागे आहे, आणि अमेरिकेतले शालेय नियम मागे खेळणाऱ्या बुटक्या मुलीच्या बाजूचे आहेत. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमाने एका सेटमध्ये सहाच बदली करता येतात. अमेरिकन हायस्कूलच्या नियमात एका सेटमध्ये अठरा. खेळाडू आळीपाळीने जागा बदलत फिरतात. त्यामुळे कोच पुढच्या रांगेतली उंच मुलगी मागे आली की तिला बाहेर काढतात आणि पास, म्हणजे समोरून आलेला पहिला बॉल घेऊन आपल्या खेळाडूकडे देणं, चांगला करणारी मुलगी आत घेतात, ती जागा पुन्हा पुढे आली की परत बदल. हे सामनाभर चालतं. शिवाय लिबेरो असतेच, वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागे खेळणारी. आंतरराष्ट्रीय नियमात तिला सर्व्हिस करता येत नाही, अमेरिकन हायस्कूलमध्ये फिरतीतल्या एका जागेवर ती सर्व्हिसही करते. म्हणजे उत्तम पास आणि भरवशाची सर्व्हिस एवढ्या दोन गोष्टींवर तुझ्या उंचीच्या मुलीला संघात रीतसर जागा आहे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिलांनी पहिल्यांदा सुवर्णपदक जिंकलं. त्या संघाची लिबेरो जस्टिन वाँग-ओरांटेस पाच फूट सहा इंचांची होती. तिच्या पुढे सहा-सव्वासहा फुटी मुली उभ्या असायच्या आणि मागचं अंगण ती एकटी सांभाळायची. त्याच्याही आधी, 1984 साली रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघाची बूस्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, डेबी ग्रीन पाच फूट चार इंचांची होती. तुला बूस्टिंग येत असेल तर निवडीत तेही सांग, पण पहिली ओळख पासवर होऊ दे. निवडीच्या वेळी कोचच्या हातात कागद असतो आणि बरेच कोच प्रत्येक पासला शून्य ते तीन असे गुण देतात. बूस्टरला जागेवरून हलावं लागलं नाही तर तीन, बॉल गेला तर शून्य. एक तीन, पुढे शून्य, परत तीन, परत शून्य असं करणाऱ्या मुलीपेक्षा सगळे दोन करणारी मुलगी कोचला जास्त कामाची असते.

मातीवर खेळल्याचं तुला कमीपण वाटतंय. वाटून घेऊ नकोस. वाऱ्यात हललेला बॉल घ्यायला पाय लवकर हलवावे लागतात आणि ती सवय तुझ्या पायांत आहे. जिममध्ये वारा नसतो, त्यामुळे पास उलट सोपा जाईल. अडचण येईल ती डोळ्यांना. मोकळ्या आभाळाऐवजी वर दिवे आणि छताचे पत्रे असतात आणि बॉल किती उंच, किती लांब याचा अंदाज पहिले काही दिवस चुकतो. यावर उपाय म्हणजे बंद जिममध्ये जाऊन उंच बॉल घेत राहणं. शाळेची जिम मिळाली नाही तर जवळच्या वायएमसीएच्या व्यायामशाळेत किंवा गावच्या कम्युनिटी सेंटरमध्ये विचारा. बाबांनी हाताने वर फेकलेले बॉलसुद्धा चालतील. बूट मात्र लाकडी फरशीवर पकड घेणारे हवेत, आणि ते आत्ताच घे म्हणजे निवडीपर्यंत पायात बसतील. गुडघ्यांचे पॅडही तसेच, वापरून सैल झालेले असावेत.

सर्व्हिस कोणी बघत असलं की जाळ्यात जाते, असं तू लिहितेस. न बघता सांगते, दोष बहुतेक टॉसमध्ये, म्हणजे मारण्याआधी बॉल वर फेकण्यात, असणार. घाबरलं की टॉस आखूड होतो किंवा फार पुढे पडतो. मग बॉल खाली आल्यावर हात त्याला गाठतो आणि तो जाळ्यात जातो. हे करून बघ. सर्व्हिसच्या पवित्र्यात उभी राहा, टॉस टाक, पण मारू नकोस, बॉल खाली पडू दे. तो पुढच्या पायाच्या थोडा पुढे आणि मारणाऱ्या हाताच्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. तिथे जमिनीवर रुमाल पसर. दहातले आठ टॉस रुमालावर पडायला लागेपर्यंत मारायचंच नाही. कंटाळवाणं आहे, पण चार-पाच दिवसांत फरक दिसेल. टॉस हातभर उंच पुरे. जितका उंच, तितका चुकायला वाव.

मग मारताना तळव्याचा मनगटाजवळचा घट्ट भाग बॉलच्या बरोबर मध्यावर, आणि लागताक्षणी हात तिथेच थांबव, पुढे झोकू नकोस. असा बॉल फिरत नाही, हवेत डोलतो आणि समोरच्या मुलीला तो कुठे वळेल हे कळत नाही. निवडीत सगळ्यात जोरात सर्व्हिस करणारी मुलगी लक्षात राहते, पण वहीत गुण पडतात ते आत पडलेल्या सर्व्हिसला. जाळं नसेल तर भिंतीवर 2.24 मीटरवर खडूने रेघ ओढ आणि तिच्या वर मार.

अजून एक, नियमाचं. आपल्याकडे शिट्टीनंतर सर्व्हिसला आठ सेकंद मिळतात, तिथे पाच. आठाची सवय असलेल्या मुलीला पाच सेकंद फार थोडे वाटतात आणि तिथेच घाई होते. म्हणून शिट्टीनंतरचा ठरलेला क्रम बसव: बॉल दोनदा आपट, एक लांब श्वास सोड, जिथे टाकायचा ती जागा बघ, टॉस. चार सेकंदांत बसलं पाहिजे. बाबांना तोंडाने शिट्टी वाजवायला सांग आणि दर वेळी हाच क्रम, घरामागेही, जिममध्येही, एकटी असताना आणि चारचौघांतही. निवडीच्या दिवशी डोकं सुन्न झालं तरी हाताला क्रम माहीत असेल.

आणि आता भीती. तू विचारतेस ती जात का नाही. ती जाणार नाही, आणि जायला हवी असंही नाही. कोणी बघतंय, निवड व्हायची आहे, हे शरीराला कळतं आणि ते अ‍ॅड्रेनलिन सोडतं. हृदय जोरात धावतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात आणि पोटात गोळा येतो. शेजारच्या त्या उंच मुलीच्या पोटातही तो येत असणार. गार हातांवर उपाय साधा आहे: रांगेत उभं असताना हात चोळ, जागेवर उड्या मार, वरून घातलेला लांब बाह्यांचा टीशर्ट आपला नंबर येईपर्यंत काढू नकोस.

सर्व्हिस बिघडण्यामागे मात्र आणखी एक कारण आहे. सायन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी 2001 साली गोल्फवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. जे काम हाताला पाठ झालंय, त्याच्या एकेका पायरीकडे दडपणाखाली लक्ष द्यायला गेलं की ते काम बिघडतं, असं त्यांना आढळलं. तुझंही तेच होतंय. एकटी असताना तू सर्व्हिस करतेस. कोणी बघत असलं की कोपर कुठे, मनगट कुठे, हे तपासत बसतेस. पण त्याच प्रयोगात एक गोष्ट अशी निघाली जी मी माझ्याकडे खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. ज्यांनी सरावच व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर केला होता, आपल्याला जाणकार बघणार आहेत हे माहीत असताना केला होता, त्यांचा खेळ नंतर दडपणाखाली ढासळला नाही. बघितलं जाण्याची सवय झाली होती.

म्हणून निवडीआधीच्या चार आठवड्यांच्या तुझ्या सरावाचा मोठा वाटा लोकांसमोर झाला पाहिजे. टॉस आणि रुमाल एकटीने कर. पण रोजच्या शेवटच्या दहा सर्व्हिस कुणीतरी बघत असताना. पहिल्या आठवड्यात आई-बाबा, बाबांच्या हातात वही आणि पेन, प्रत्येक सर्व्हिस आत की बाहेर ते लिहायचं, बोलायचं काही नाही. मग मोबाईलवर व्हिडिओ काढ आणि जसा आहे तसा, चुकलेल्या सर्व्हिससकट, कराडच्या संघातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाक. पहिल्यांदा टाकताना जीव वर-खाली होईल, आणि नेमकं तेच हवंय. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या त्या मुलीला सरावाला बोलाव. खरंच बोलाव. तिलाही सरावाला कुणीतरी हवंच असेल, आणि निवडीच्या दिवशी जिममध्ये एक ओळखीचा चेहरा असेल. कधी सर्व्हिसच्या आधी तीस उड्या मारून लगेच सर्व्हिसला उभी राहा, म्हणजे धडधडत्या छातीने टॉस टाकायची सवय होईल.

निवडीच्या सकाळी ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावू नकोस. धावणारं हृदय हुकूम दिल्याने थांबत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली एक साधी गोष्ट तपासली: गाणं, भाषण किंवा गणिताच्या परीक्षेआधी ज्यांनी ‘मी शांत आहे’ म्हटलं त्यांच्यापेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. शरीराची अवस्था तीच राहते, तिला नाव दुसरं दिलं जातं. तेव्हा गाडीतून उतरताना आईला मराठीत मोठ्याने सांग, ‘मला आज खेळायचंय.’ आणि रांगेत उभी असताना चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड.

इंग्रजीची काळजी तू सांगतेस त्यापेक्षा खूप लहान आहे. कोर्टवर लांब वाक्यं कुणालाच सुचत नाहीत. आपला बॉल असेल तर ‘माइन’, बाहेर जात असेल तर ‘आउट’, समोरून सोपा बॉल येत असेल तर ‘फ्री बॉल’, मैत्रिणीने चांगला घेतला तर ‘नाइस पास’. एवढं पुरे. उच्चार कसा आहे हे कोणी ऐकत नाही, आवाज किती मोठा आहे हे ऐकतात. कराडला तुम्ही ‘माझा!’ असं ओरडत असाल, तितक्याच मोठ्याने. नवीन मुली निवडीत गप्प होतात आणि दोघींच्या मध्ये बॉल पडतो, त्यात कोचला दोघीही दिसतात. तू प्रत्येक बॉलला ओरड. घरी भिंतीवर पास करतानाही ओरड, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव.

पहिली सर्व्हिस चुकू शकते. ती चुकली की मुली काय करतात, हे मी वर्षानुवर्षं ग्राउंडच्या कडेला उभी राहून बघितलंय. एक कपाळावर हात मारते, एक कोचकडे बघते, एक हसून ‘सॉरी सॉरी’ करते, एक पुढचे तीन बॉल त्याच चुकीचा विचार करत सोडते. आणि एखादी वळून आपल्या जागेवर जाते, गुडघे वाकवते आणि समोरच्या सर्व्हिसची वाट बघते. संघ निवडणाऱ्याचा डोळा त्या पाच सेकंदांवर असतो. ते पाच सेकंदही सरावात बसवता येतात: सर्व्हिस चुकली की रोज, न चुकता, तीन पावलं पळत मागे ये आणि पासच्या पवित्र्यात उभी राहा.

दोन बॉलच्या मधल्या वेळेतही तू दिसत असतेस. बॉल गोळा करायला पळत जा. कोच बोलत असताना बॉल आपटू नकोस. एखादी गोष्ट समजली नाही तर लगेच विचार, ‘कॅन यू शो मी अगेन?’ एवढंच. चूक दाखवली तर पुढच्याच बॉलला तसं करून बघ, जमलं नाही तरी. माझ्या मते तुझ्यासारख्या नव्या मुलीच्या हातात याहून मोठं काही नाही.

खाण्याचं थोडक्यात: निवडीच्या दोन-अडीच तास आधी रोज खातेस तेच, पोहे किंवा उपमा आणि केळं, नवीन काही नको. ऑगस्टमध्ये तिथे उकाडा असतो, आदल्या दिवसापासून पाणी पीत राहा. नखं काप, केस घट्ट बांध. आदल्या रात्री झोप नाही लागली तर नाही लागली, एका रात्रीच्या जागरणाने निवड जात नाही, त्याआधीचा आठवडा नीट झोप. कपड्यांवरून आईला संकोच वाटत असेल, कारण तिथल्या मुली अगदी आखूड शॉर्ट्स घालतात. लांब टाइट्स घालून खेळता येईल का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. विचारण्यात लाज नाही.

आता आईंसाठी दोन ओळी. वहिनी, मुलीचं टेन्शन बघवत नाही म्हणून तुम्ही ‘राहू दे’ म्हणता, ते प्रेमानेच म्हणता. पण नव्या देशात, नव्या शाळेत, पहिल्या दिवशी डबा खायला शेजारी कुणी असेल की नाही, ही तिची खरी धास्ती आहे आणि संघ हा त्यावरचा चांगला उपाय आहे. शाळा उघडण्याआधीच तिच्या ओळखीच्या डझनभर मुली होतील. पुढच्या वर्षी बाकीच्या मुली एक वर्ष पुढे गेलेल्या असतील आणि भीती आहे तेवढीच राहील. एक मात्र आधीच ठरवून घ्या: निवड झाली तर सप्टेंबर-ऑक्टोबर शाळा सुटल्यावर जवळजवळ रोज सराव किंवा सामना असेल. गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी आणि शनिवारची पाहुणेमंडळी त्याप्रमाणे बेतावी लागतील. निवडीच्या दिवशी तिला जिमच्या दारात सोडा आणि घरी जा. परत आल्यावर ‘काय झालं?’ आधी विचारू नका, जेवायला वाढा.

आणि मुली, यादीत नाव आलं नाही तर? येऊ शकतं तसं नसूही शकतं, थोड्या दिवसांत तीस-चाळीस मुलींतून निवडताना चांगल्या मुलीही सुटतात. त्या दिवशी रडायचं तेवढं रड. दुसऱ्या दिवशी कोचला ईमेल पाठव, तीन ओळींचा: संधी दिल्याबद्दल आभार, मी पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे, मी कोणत्या एका गोष्टीवर काम करू? ‘माझी निवड का झाली नाही’ असं लिहू नकोस, त्याचं उत्तर तुझ्या कामाचं नसतं. त्याच ईमेलमध्ये मॅनेजर म्हणून संघाबरोबर राहता येईल का, हेही विचार. गुण लिहिणं, बॉल काढणं अशी कामं असतात, पण रोज जिममध्ये पाय ठेवता येतो आणि कधी सरावाला एक मुलगी कमी पडली तर हाक तुलाच येते. हिवाळ्यात क्लबची निवड, वायएमसीएची लीग, हे मार्गही आहेत. शेजारच्या मुलीला त्यांच्या तारखा पाठ असतील.

फिजिकलची अपॉइंटमेंट मिळाली की मला कळव. आणि पहिला व्हिडिओ ग्रुपवर टाकलास की त्यात दहातल्या किती सर्व्हिस आत गेल्या तेही लिही, टॉसचं पुढे काय करायचं ते त्यावरून सांगते.

तुझी,
ताई